विंचवाचा दंश आणि हृदयाचा घात

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. दर तीन-चार वर्षांनी ट्रंका आवळायच्या, मुलांच्या शाळेचे दाखले काढायचे आणि यशवंतपूरसारख्या परक्या स्थानकावर उतरून पुन्हा चूल मांडायची, हा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव आहे. तथापि, या म्हणीच्या मुळाशी असलेले निरीक्षण किती अचूक आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. विंचवाची मादी आपली पिले खरोखरीच पाठीवर घेऊन हिंडते. ती पहिली कात टाकीपर्यंत आईच्या पाठीवरून खाली उतरत नाहीत. ज्या समाजाने विंचवाचा संसार इतक्या बारकाईने न्याहाळला, त्या समाजाला त्याच विंचवाच्या दंशाने माणूस नेमका कशाने मरतो हे मात्र शतकानुशतके उमगले नव्हते, ही नवलाची गोष्ट होय.

तो मरतो हृदयाने. नांगी लागते पायाच्या बोटाला किंवा हाताच्या पंजाला. घात होतो हृदयाचा. निकोप प्रकृतीचे आठ-दहा वर्षांचे मूल संध्याकाळी अंगणात खेळत असते आणि पहाटेपर्यंत, साठीतल्या माणसाला हृदयविकाराचा जबर झटका यावा तसे, फुप्फुसात पाणी भरून ते दगावते. वैद्यकाच्या व्यवहारात हृदयाचे जे अनेक विलक्षण विकार आढळतात, त्यांत याच्याइतका विलक्षण विकार विरळा. हा विकार ओळखण्याचे आणि त्यावर उपाय शोधण्याचे काम मुख्यत्वे कोकणात, महाडच्या परिसरात झाले. मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयांची कीर्ती आपण ऐकतो. सावित्रीच्या खोऱ्यातला हा इतिहास मात्र महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे तीन वर्ग केले आहेत : मंदविष, मध्यविष आणि महाविष. पहिल्या वर्गात बारा, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्यात पंधरा, असे एकूण तीस प्रकार तेथे गणले आहेत. शेण कुजून मंदविष विंचू उपजतात, लाकूड व विटा यांतून मध्यविष आणि सापाच्या कुजलेल्या शरीरातून महाविष, ही त्यामागची कल्पना आज कोणी मानणार नाही. परंतु सगळे विंचू सारखे नसतात, काहींचा दंश केवळ वेदना देतो आणि काहींचा प्राण घेतो, हा त्या वर्गीकरणाचा गाभा आजही खरा आहे. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी विंचवावर जे भारूड रचले, ते महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही ? तेथे विंचू हा कामक्रोधाचे रूपक म्हणून येतो. तथापि रूपक उभे राहण्यासाठी मूळ वस्तू अचूक पाहावी लागते. त्या भारुडातील दंश झालेल्या व्यक्तीला घाम फुटतो, तिचे प्राण कासावीस होतात, सर्वांगाचा दाह होतो. दंश एके ठिकाणी आणि लक्षणे सर्वांगाला, ही गोष्ट नाथांच्या नजरेतून सुटलेली नाही. आजचा डॉक्टर रुग्णाच्या कपाळावरचा घाम पाहून सावध होतो. चारशे वर्षांपूर्वीच्या लोकगीतात तो घाम नोंदलेला आहे, एवढे मात्र खरे.

मग उपाय का सापडला नाही ? याचे एक कारण असे की, उपाय सापडलेलाच आहे अशी सर्वांची समजूत होती. खेड्याखेड्यांत विंचू उतरविणारा असे. कोणी मंत्र घाली, कोणी आघाड्याची मुळी अंगावरून उतरवी, कोणी चिंचोका उगाळून दंशाच्या जागी चिकटवी. आणि गंमत अशी की, बहुतेक वेळा विंचू 'उतरे'. विंचवाच्या बहुतेक दंशांत भयंकर ठणका लागतो, तो काही तासांनी आपोआप ओसरतो आणि माणूस बरा होतो. म्हणजे ज्यांना मुळात काही धोका नव्हता, ते सर्व मांत्रिकाच्या यशाच्या खात्यावर जमा होत. जे दगावत, ते मात्र कोणाच्याच खात्यावर पडत नसत. त्यांचे दैव आड आले असे म्हणत. कार्यालयात जमाखर्चाची छाननी करणाऱ्याला हा हिशेब ओळखीचा वाटेल. जमेची बाजू ठळक लिहायची आणि खर्चाचा रकाना कोरा ठेवायचा, म्हणजे कोणतेही खाते नफ्यात दाखविता येते.

यात आणखी एक फसगत होती. भीती वाटावी असे रूप असते ते काळ्या, थोराड विंचवाचे, ज्याला आपण इंगळी म्हणतो. जाड नांग्या पुढे करून ती अंगणात आली की घरदार गोळा होते. वास्तविक पाहता, तिचा दंश वेदनादायक असला तरी सहसा जिवावर बेतत नाही. खरा घातकी तो तांबूस रंगाचा, अंगाने बारीक, पुढच्या नांग्या नाजूक पण शेपटी जाड असलेला विंचू. कौलांच्या फटीत, लाकडांच्या ढिगात, पेंढ्याखाली, बांधाच्या दगडांत तो राहतो आणि रात्री बाहेर पडतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा भातकापणीच्या सुमारास त्याचे दंश वाढतात. म्हणजे शेतकरी अनवाणी पायांनी आणि उघड्या हातांनी ज्या दिवसांत राबत असतो, नेमके तेच हे दिवस. पृथ्वीच्या पाठीवर विंचवांच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतील माणसाचा प्राण घेऊ शकणाऱ्या जाती मोजक्याच, आणि त्या मोजक्यांत हा आपला तांबडा विंचू बराच वर आहे.

शास्त्रज्ञांच्या दप्तरी त्याची नोंद जुनी आहे. १७९८ साली डेन्मार्कच्या फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन करून त्याला 'टॅम्युलस' म्हणजे तमिळ देशाचा असे नाव दिले. १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत पोकॉक यांनी त्याचे प्रांतवार भेद नोंदविताना एका भेदाला कोकणाचे नाव दिले. अशा रीतीने दक्षिणेचे नाव व कोकणाचे आडनाव लावून हा प्राणी युरोपच्या संग्रहालयांत जाऊन बसला. डॉक्टरमंडळी त्याला बराच काळ 'मेसोब्यूथस टॅम्युलस' म्हणत आली. अलीकडच्या वर्गीकरणात त्याची गणना 'हॉटेंटोटा' या प्रजातीत होते. नाव बदलले, मुक्काम बदलला नाही. पश्चिम महाराष्ट्र, सौराष्ट्र, आंध्र, तमिळनाडू आणि आपण सध्या जेथे राहतो ते कर्नाटक, एवढ्या मुलखात त्याचा वावर आहे.

मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेत फादर कायस आणि डॉ. म्हसकर या दोघांनी मिळून हिंदुस्थानातील विंचवांवर एक शास्त्रीय प्रबंधिका लिहिली. ती १९३२ साली प्रसिद्ध झाली. एक येशूपंथी पाद्री आणि एक मराठी वैद्यकतज्ज्ञ यांची ही जोडी. तिने सर्पदंशावरील देशी वनस्पतींचीही पद्धतशीर तपासणी केली होती. विंचवांच्या विषाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याचा हा आपल्याकडील आरंभीचा मोठा प्रयत्न म्हणता येईल. परंतु प्रयोगशाळेतील विष निराळे आणि कंदिलाच्या उजेडात धापा टाकणारे मूल निराळे. या दोहोंमधला दुवा जुळण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

तो दुवा जुळण्याची चिन्हे १९६१ मध्ये दिसू लागली. त्या वर्षी डॉ. पी. एम. मुंडले यांचे विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरण्यासंबंधीचे लेखन 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. विंचवाचा बळी हा वेदनेचा बळी नसून हृदय व फुप्फुसे यांच्या बिघाडाचा बळी आहे, ही गोष्ट त्यामुळे वैद्यकाच्या चर्चेत आली. दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच नियतकालिकात वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरून पून-किंग यांनी विंचूदंशाने हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेचे वर्णन केले. १९६७ मध्ये इस्रायलच्या वाळवंटी भागातून ग्वेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पिवळ्या विंचवाच्या दंशानंतर हृदय निकामी होण्याच्या घटना नोंदविल्या. कोकण, त्रिनिदाद आणि इस्रायल. तीन ठिकाणचे विंचू निरनिराळ्या जातींचे, माणसे निरनिराळ्या वंशांची, पण हृदयाची कहाणी एकच. विकार ओळखला गेला होता. उपाय मात्र कोणाच्याच हाती नव्हता.

त्या काळी जे उपचार होत, ते उपाय कमी आणि धडपड अधिक अशा स्वरूपाचे होते. उलट्या आणि लाळ थांबविण्यासाठी ॲट्रोपिन देत; परंतु आधीच धावत सुटलेल्या नाडीला त्याने आणखी चेव येई. वेदना व तगमग शमविण्यासाठी गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण देत. त्याने रुग्ण शांत दिसे, पण विषाचे काम आतल्या आत चालूच राही आणि धोक्याची लक्षणे झाकली जात. स्टिरॉइडे देत, लघवी वाढविणारी औषधे देत, थकलेल्या हृदयाला हुशारी यावी म्हणून डिजिटॅलिस देत. एवढे करूनही गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास मृत्यू ठरलेले असत. त्यांत लहान मुले पुष्कळ. माझ्या आजीच्या बोलण्यात त्या दिवसांची एक आठवण पुन्हा पुन्हा येई : शेजारच्या घरी मुलाचा ठणका कमी झाला म्हणून सगळे निश्चिंत होऊन निजले आणि पहाटे रडण्याचा आवाज आला. ठणका कमी म्हणजे विंचू उतरला, असा तो काळ समजत होता. दंशाच्या जागी होणाऱ्या वेदनेवरून हृदयाच्या धोक्याचे माप घेता येत नाही, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

अशा स्थितीत १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाला. त्याचे नाव हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावच्या शेतकरी कुटुंबात १९५१ साली त्यांचा जन्म झाला. वैद्यकाची पदवी त्यांनी नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून घेतली. मराठवाड्याच्या कोरड्या पठारावरचा हा मुलगा नोकरीच्या निमित्ताने कोकणच्या ओल्या दऱ्याखोऱ्यांत आला. आपल्या भाषेत सांगायचे तर, तोही परमुलखात नेमणूक झालेला एक सरकारी नोकर होता. आरोग्य केंद्रात साधने बेताची आणि तज्ज्ञ सल्लागार कोणी जवळ नाही. विंचूदंशाचे रुग्ण रात्री-अपरात्री डोलीत किंवा बैलगाडीत येत आणि त्यांतले कित्येक डोळ्यांदेखत दगावत.

येथे त्यांनी जे केले, ते वरवर पाहता फार साधे होते. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि जे दिसले ते लिहून ठेवले. दंश किती वाजता झाला, उलटी केव्हा झाली, घाम केव्हा फुटला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, धाप केव्हा लागली, ओठाशी गुलाबी फेस केव्हा आला. तासातासाची ही टिपणे शेकडो रुग्णांची जमली, तेव्हा त्यांतून एक क्रम उमटू लागला. विषाची बाधा दोन अंगांनी प्रकट होते. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, पुरुषांत जननेंद्रियाचा ताठरपणा, काही वेळा मंद नाडी. आणि मग हातपाय बर्फासारखे गार, नाडी वेगवान, रक्तदाब चढलेला. त्यानंतर काही तासांत फुप्फुसे भरू लागतात. म्हणजे आरंभीची लक्षणे ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना असते. ज्याला केवळ ठणका आहे तो बहुधा घरी परत जाईल. ज्याला उलट्या आणि घाम आहे त्याच्या हृदयावर पाळत ठेवली पाहिजे. १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात बावस्करांचा या पूर्वलक्षणांवरील निबंध प्रसिद्ध झाला. बिरवाडीचे नाव ज्यांनी नकाशावरही पाहिले नव्हते, अशा विद्वानांना बिरवाडीच्या रुग्णांची लक्षणे त्यामुळे वाचावयास मिळाली.

मधल्या काळात त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. ही पदवी मिळविली. शहरात व्यवसाय थाटण्याचा मार्ग खुला होता. ते महाडला परतले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढील बहुतेक निबंधांवर दोघांचीही नावे आहेत.

आता प्रश्न होता तो असा की, हृदय निकामी का होते ? विष हृदयाच्या स्नायूला थेट जाळते काय ? याचे उत्तर समजून घेण्यासाठी मज्जातंतूंकडे पाहावे लागते. मज्जातंतूमधून संदेश जातो तेव्हा त्याच्या आवरणातील सोडियमची सूक्ष्म दारे क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. तांबड्या विंचवाचे विष ही दारे लवकर मिटू देत नाही. परिणामी संदेशांचा नुसता कल्लोळ उठतो आणि संकटाच्या वेळी शरीर जी उत्तेजक द्रव्ये थेंबाथेंबाने सोडते, ती एकदम पुरासारखी रक्तात उतरतात. त्यांच्या प्रभावाने अंगातील लहान लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते यामुळेच. हृदय जोर करून रक्त पुढे लोटू पाहते, पण पुढच्या वाटा बंद. मग रक्त मागे तुंबते, फुप्फुसात उतरते आणि रुग्ण जणू कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. अशा मुलाचा हृदयालेख काढला तर त्यात स्नायूच्या इजेच्या खुणा दिसतात, आणि तो एखाद्या वृद्ध रुग्णाचा असावा असा भास होतो.

मोटेचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. मोटेचे पाणी थारोळ्यात पडते आहे, पण पुढे पाटाची सगळी दारे मातीने बुजली आहेत. पाणी तुंबून मागे फुटू लागले. अशा वेळी बैलांना चाबूक ओढून काय साधणार ? पाटाची दारे मोकळी करावयास हवीत. डिजिटॅलिस हा चाबूक होता. हवे होते ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध.

असे एक औषध, सोडियम नायट्रोप्रुसाइड, बावस्कर पतिपत्नींनी प्रथम वापरले. ते शिरेतून थेंबथेंब द्यावे लागते, उजेडापासून झाकून ठेवावे लागते आणि रक्तदाब क्षणोक्षणी तपासावा लागतो, कारण थोडाही अतिरेक झाला तर रक्तदाब कोसळतो. त्याने रुग्ण वाचू लागले, तेव्हा तर्क बरोबर होता हे सिद्ध झाले. पण हे औषध गावोगावच्या दवाखान्यांत चालवायचे कोणी ? रात्रभर सलाइनच्या नळीजवळ बसणारा डॉक्टर प्रत्येक खेड्यात कोठून आणायचा ? म्हणून त्याच गुणाचे पण तोंडाने देता येईल असे औषध शोधणे भाग पडले. ते प्राझोसिनच्या रूपाने मिळाले. ही गोळी मुळात वाढलेल्या रक्तदाबासाठी तयार झालेली. उत्तेजक द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ज्या ठिकाणी पकड घेतात, नेमकी तीच ठिकाणे ती अडवून धरते. मात्रा मिलिग्रॅमच्या अंशाची. उभे राहिल्यास रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला आडवे ठेवायचे, मुलाला उचलून कडेवर घेऊ द्यायचे नाही आणि हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत ठराविक तासांनी मात्रा द्यायची, एवढेच पथ्य. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये या उपचाराचा वृत्तान्त आला. पुढे पाँडिचेरीच्या जिपमेर संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी आणि इतर ठिकाणच्या डॉक्टरांनीही हा उपचार अंगीकारला. गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण, जे पूर्वी शेकडा तीसच्या घरात होते, ते महाडच्या परिसरात शेकडा चारहून खाली आले.

येथे मुंबईच्या आणखी एका संशोधकाची आठवण होते. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा वाढलेल्या रक्तदाबावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या देशी मुळीकडे वेधले. परंपरेत सर्पगंधा ही विषारी दंशांवरची वनस्पती म्हणून ओळखली जाई. वकिलांनी ती रक्तदाबासाठी मान्य करवून घेतली. बावस्करांनी नेमकी उलट दिशेने वाट चालली : रक्तदाबाची गोळी त्यांनी दंशाच्या कामी आणली. दोन्ही ठिकाणी नवे द्रव्य कोणी निर्माण केले नाही. हाताशी असलेल्या द्रव्याचा योग्य उपयोग कोणता, हे रुग्णाकडे पाहून ठरविले. शोधाचा हा प्रकार कमी दर्जाचा आहे असे मला वाटत नाही.

प्राझोसिन विषाला मारीत नाही. विषाने उठविलेले वादळ ते शमविते. विषालाच निष्प्रभ करणारी लस, म्हणजे प्रतिविष, मिळाली तर अधिक बरे, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. विंचवावरच्या प्रतिविषाची कल्पना नवी नव्हे. इजिप्तमध्ये टॉड यांनी १९०९ सालीच तसे रक्तद्रव्य तयार केल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु त्याच्या उपयुक्ततेविषयी वैद्यकात दीर्घकाळ मतभेद राहिले. १९९९ साली ट्युनिशियातील आठशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीत प्रतिविषाचा सरसकट फायदा दिसून आला नाही. तांबड्या विंचवापुरता हा प्रश्न पुन्हा महाडनेच तपासला. सत्तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन समान गट करून एका गटाला केवळ प्राझोसिन आणि दुसऱ्याला प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले. दहा तासांनंतर दुसऱ्या गटातील ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते. पहिल्या गटात अशांची संख्या ८ होती. २०११ साली हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नास वर्षांपूर्वी ज्या नियतकालिकात कोकणच्या विंचवाने घेतलेल्या बळींची दखल घेतली गेली होती, त्याच नियतकालिकात त्यांच्या बरे होण्याचा हिशेब मांडला गेला. २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन गौरविले.

या इतिहासातून काय घ्यावे ? एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येईल की, १९६१ आणि १९८६ यांच्यामध्ये पंचवीस वर्षांचे अंतर आहे. विकार माहीत होता, तो कोठे आहे हे माहीत होते. रक्तवाहिन्या सैल करणारी औषधेही या काळाच्या उत्तरार्धात उपलब्ध होती. मग एवढा काळ का लागला ? मला असे वाटते की, विंचूदंशाने मरणारे लोक असे होते की ज्यांच्या मरणाची चौकशी करण्याची कोणाला निकड नव्हती. ते शेतमजूर होते, कातकरी होते, लाकडे फोडणाऱ्या बायका होत्या, पेंढ्यावर निजणारी पोरे होती. त्यांच्यासाठी औषध शोधण्यात कोणा कंपनीचा नफा नव्हता आणि ज्या शहरी प्राध्यापकांच्या हाती साधने होती, त्यांच्या वॉर्डात हे रुग्ण जिवंत पोहोचत नसत. रोग खेड्यात आणि विद्या शहरात, ही जी फारकत, तिने ही पंचवीस वर्षे खाल्ली. विंचवाचे विष वेगाने चढते. व्यवस्थेची जाग सावकाश येते.

दुसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या पेशाशी निगडित आहे. आपण कारकून व अधिकारी मंडळी दिवसभर नोंदी करतो आणि नोंदींचा आपल्याला कंटाळा येतो. रकाने भरणे म्हणजे निर्जीव काम, अशी आपली समजूत झालेली असते. बिरवाडीचा इतिहास निराळे सांगतो. तेथे कोणतेही थोर यंत्र नव्हते. होती ती एक नोंदवही. मांत्रिकाच्या खात्यात केवळ यशाची जमा होती. या वहीत अपयशही तासामिनिटांसह लिहिले गेले, आणि त्या अपयशांतूनच उपाय निघाला. जे मूल वाचविता आले नाही, त्याच्या शेवटच्या रात्रीची टिपणे पुढच्या मुलाच्या कामी आली. प्रामाणिक नोंद ही मृतांनी जिवंतांना दिलेली साक्ष असते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आणि तिसरी गोष्ट परमुलखातल्या वास्तव्याची. महाडच्या परिसरातील लोकांना विंचवाचे मरण अंगवळणी पडले होते. पावसाळ्यात दरड कोसळते, तसेच पेंढ्यात विंचू निघतो, त्याला कोण काय करणार, अशी वृत्ती होती. बाहेरून आलेल्या माणसाला ते अंगवळणी पडलेले नव्हते. त्याने 'असेच चालायचे' हे उत्तर मान्य केले नाही. नवख्या जागी माणूस परका असतो हे खरे; पण परकेपणात एक लाभही असतो, तो म्हणजे ताजी नजर. नेमणुकीच्या गावाला आपण बहुधा दिवस मोजण्याची जागा समजतो. वेळ झाली की बिऱ्हाड पाठीवर घ्यायचे आणि पुढचा मुक्काम गाठायचा. परंतु त्या गावचे असे एखादे दुःख असते की जे तेथल्यांना दिसेनासे झालेले असते आणि नव्याने आलेल्यालाच दिसू शकते.

एक व्यावहारिक सूचना करून हा लेख पुरा करतो. वाचकांपैकी अनेकांची आईवडील, भावंडे आजही कोकणात किंवा देशावर आहेत. काहींची नेमणूक कर्नाटक-आंध्रच्या कोरड्या तालुक्यांत आहे. तांबडा विंचू या सर्व ठिकाणी आहे. दंशानंतर उलटी झाली, घाम फुटला किंवा हातपाय गार पडू लागले, तर ठणका असो वा नसो, उतरविणाऱ्याकडे न जाता तडक रुग्णालय गाठावे आणि उपचार डॉक्टरांच्या हाती सोपवावा. सुटीला गावी जाल तेव्हा तेथल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिनच्या गोळ्या आणि विंचवाचे प्रतिविष शिल्लक आहे की नाही, याची चौकशी करावी. नसेल तर एक अर्ज लिहून रीतसर आवक क्रमांक घ्यावा. अर्ज कसा लिहावा आणि त्याचा पाठपुरावा कसा करावा, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार ?